कॉलेजात गुन्हा घडला तर शिक्षा खेळाच्या संघटनेने द्यायची का? (पेन स्टेटवरून)

हॅपीव्हॅलीकर

हा विषय माझ्या डोक्यात गेली कित्येक वर्षं घर करून बसलाय, आज लिहूनच टाकतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी २०१० ते २०१२ अमेरिकेत, पेनसिल्वेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात एमएस करत होतो. गावाचं नावच स्टेट कॉलेज, लोक लाडाने हॅपी व्हॅली म्हणतात. आजूबाजूला डोंगर, मक्याची शेतं आणि मधेच एक लाखाच्या वर माणूस बसेल असं स्टेडियम. फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, हाताने खेळतात तो. शनिवारी मॅच असली की आदल्या दिवसापासून गाड्या लागायच्या, पार्किंगात शेगड्या पेटायच्या, आणि आम्ही चार देशी पोरं कुणी बर्गर देतंय का बघत त्यातून फिरायचो (द्यायचे!). मुख्य कोच जो पॅटर्नो, ४६ सीझन तोच माणूस. लायब्ररीच्या इमारतीला त्यांचं नाव, कॅम्पसवरच्या क्रीमरीत त्यांच्या नावाचं पीचचं आइस्क्रीम, तेव्हा स्टेडियमबाहेर पुतळाही होता. माणूस जिवंत असताना पुतळा, आपल्याकडे हे अपशकुन मानतात.

नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचा जुना सहायक कोच जेरी सँडस्की याला अटक झाली. लहान मुलांवर लैंगिक अत्याचार, तेही पंधरा वर्षं. मुलं मिळायची कुठून, तर गरजू मुलांसाठी त्याने स्वतःच काढलेल्या सेकंड माइल नावाच्या संस्थेतून. २००१ मध्ये एका ज्युनियर कोचने त्याला टीमच्या शॉवरमध्ये एका मुलाबरोबर बघितलं, दुसऱ्या दिवशी जाऊन पॅटर्नोंना सांगितलं, पॅटर्नोंनी वरच्यांच्या कानावर घातलं, वरच्यांनी सँडस्कीला मुलांना इथे आणू नका एवढं सांगितलं, आणि झालं, मिटलं. पोलिसांना कुणी कळवलंच नाही.

९ नोव्हेंबरच्या रात्री पॅटर्नोंना काढलं तेव्हा हजारो पोरं रस्त्यावर, दिव्याचे खांब पाडले, टीव्हीवाल्यांची गाडी उलटी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला टीए (प्राध्यापकांचा मदतनीस) म्हणून क्लास घ्यायचा होता. अर्धा वर्ग रिकामा, पहिल्या रांगेत एक मुलगी मुसमुसून रडतेय. मला वाटलं त्या मुलांसाठी रडतेय, मी काहीतरी सांत्वनाचं बोललो, तर ती म्हणाली की सहायक असल्यापासून ६१ वर्षं दिलेल्या माणसाला असं फोनवरून काढतात का. मी गपचूप फळ्याकडे वळलो. दोनच दिवसांनी त्याच पोरांनी ओल्ड मेन या मुख्य इमारतीसमोर पीडित मुलांसाठी मेणबत्त्या लावल्या तेही पाहिलंय, म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवत नाही.

आता मुद्दा. जून २०१२ मध्ये सँडस्की ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरला, पुढे ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. ते कोर्टाचं काम, झालं. पण २३ जुलैला एनसीएएने, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेने, विद्यापीठाला वेगळी शिक्षा ठोकली: ६ कोटी डॉलर दंड, चार वर्षं सीझननंतरच्या बोल मॅचेस बंद, स्कॉलरशिपवरचे खेळाडू ८५ वरून ६५, आणि १९९८ ते २०११ मधले ११२ विजय रद्द. विजय रद्द म्हणजे मी जी मॅच थंडीत कुडकुडत बघितली ती पेन स्टेट जिंकलीच नाही!

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की हे एनसीएएचं काम नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

पैलवान_गडी

भावा, आयपीएल आठव. २०१५ ला लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं बाहेर काढले, सट्टा कुणी लावला तर मालकांच्या गोटातल्या माणसांनी, धोनीने नाही. पण टीम गेली. आपल्या पुण्याला त्यामुळेच धोनी मिळाला, आणि पुण्याचं नशीब बघा, २०१६ ला दुष्काळ म्हणून कोर्टाने मॅचेस राज्याबाहेर काढल्या आणि पुण्याची टीम विशाखापट्टणमला घरच्या मॅच खेळत होती 😂 सांगायचं काय तर टीमच्या नावाला फटका बसल्याशिवाय मालक लोक सुधरत नाहीत. एनसीएएने बरोबर केलं.

हॅपीव्हॅलीकर

पैलवान, सट्टा खेळालाच लागतो रे. मॅच खरी का खोटी हाच प्रश्न, मग खेळाच्या संघटनेने नाही बघायचं तर कुणी बघायचं. सँडस्कीमुळे एकही मॅच खोटी झाली नव्हती, फरक तिथे आहे.

सदाफुली

मला हा युक्तिवाद ऐकूनच संताप येतो, सॉरी. मॅच खोटी झाली नाही म्हणे. अहो तो शॉवर कुणाच्या बिल्डिंगमध्ये होता? १९९९ ला रिटायर झाल्यावरही त्याच्याकडे त्या बिल्डिंगची किल्ली होती, ऑफिस होतं, मुलांना तो मॅचला न्यायचा, टीमबरोबर फिरवायचा, तेच तर आमिष होतं. फुटबॉल नसता तर त्या माणसाला मुलं आणि त्यांच्या आया एवढ्या भुलल्या असत्या का? आणि वरचे लोक गप्प का बसले, तर फुटबॉलला डाग लागायला नको म्हणून, विद्यापीठाने चौकशीला नेमलेल्या लुई फ्री यांच्या अहवालात हेच आहे ना? मग ज्याच्यासाठी लपवलं त्याच्यावरच घाव घालायला हवा होता. चार वर्षं काय, पूर्ण बंद करायला हवं होतं.

तुमची ती रडणारी मुलगी वाचून तर अजूनच पटलं.

हॅपीव्हॅलीकर

सदाफुलीताई, तुमचा राग मला समजतो. फ्री अहवालात तसंच आहे, पॅटर्नोंच्या घरच्यांनी नंतर स्वतःचे तज्ज्ञ लावून तो खोडायचा प्रयत्न केला, ते बाजूला ठेवू. पण जुलै २०१२ मध्ये शिक्षा लागली तेव्हा टीममध्ये जी पोरं होती ती २००१ ला दुसरी-तिसरीत असतील. सँडस्की तुरुंगात, पॅटर्नो जानेवारीतच वारले, प्रेसिडेंट स्पॅनियर पदावरून गेलेले. घाव बसला तो उरलेल्यांना. एनसीएएने त्यांना दुसऱ्या कॉलेजात लगेच खेळायची मुभा दिली हे खरं, काही गेलेही. पण बरेच थांबले. त्या वर्षी जर्सीच्या पाठीवर पहिल्यांदा खेळाडूंची नावं आली, त्याआधी पेन स्टेटच्या जर्सीवर नाव नसायचंच, टीम मोठी माणूस छोटा असा तिथला बाणा. जे थांबले त्यांची नावं दिसावीत म्हणून लावली. ८-४ असा सीझन केला त्या पोरांनी.

वकीलसाहेब

दोन्ही बाजूंनी भावना जोरात आहेत, मी जरा कागद बघतो, खोडच ती.

एनसीएए ही सरकारी संस्था नाही. ११०० च्या आसपास कॉलेजं-विद्यापीठांनी मिळून केलेली संघटना, ऑफिस इंडियानापोलिसला. १९८८ मध्ये टार्केनियन नावाच्या बास्केटबॉल कोचच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की ही सरकारचा हात नाही, त्यामुळे राज्यघटनेतलं योग्य सुनावणीचं बंधन तिला तसं लागू होत नाही. म्हणजे सोसायटीच्या कमिटीसारखं समजा. पार्किंगचे नियम मोडले तर दंड करेल, पण चौथ्या मजल्यावर कुणी खून केला तर कमिटीने लिफ्ट बंद करायची का?

सोसायटीलाही स्वतःच्या उपविधींप्रमाणे चालावं लागतं. एनसीएएची नेहमीची रीत अशी की आधी स्वतः चौकशी, मग आरोपांची नोटीस, मग समितीपुढे सुनावणी. पेन स्टेटला यातलं काहीच झालं नाही. फ्री अहवाल १२ जुलैला आला, शिक्षा २३ जुलैला, अकरा दिवस! तेही विद्यापीठाकडूनच संमतीपत्रावर सही घेऊन. तुम्हीच कबूल केलंत म्हटल्यावर अपील कुठे करणार.

यातली खरी गंमत २०१४ ला बाहेर आली. पेनसिल्वेनिया राज्याच्या सिनेटमधले कॉर्मन यांनी एनसीएएला कोर्टात खेचलं, मुद्दा एवढाच की दंडाचे ६ कोटी राज्यातच खर्च व्हावेत. त्या केसमध्ये एनसीएएच्या आतल्या ईमेल उघड झाल्या. त्यांचेच वरिष्ठ अधिकारी एकमेकांना लिहीत होते की हे आपल्या अधिकारात येतं म्हणणं जरा ताणल्यासारखंच आहे, आणि पेन स्टेटपुढे आपण जे करतोय ती हूल आहे. हूल! पत्त्यात देतात तशी. पुढे जानेवारी २०१५ मध्ये तडजोड झाली, ११२ विजय परत, ६ कोटी राज्यातच बालअत्याचाराच्या कामासाठी. बोल बंदी आणि स्कॉलरशिपची कपात त्याआधीच सप्टेंबर २०१४ ला उठवली होती.

पैलवान_गडी

म्हणजे आधी वाघाची डरकाळी आणि नंतर म्याऊ 😂

तिरफळ

आम्ही मिशिगनात लान्सिंगजवळ राहतो, लेक मिशिगन स्टेटलाच होती, म्हणून लिहिते. आमच्याकडे लॅरी नासर. जिम्नॅस्टिक्सवाल्या मुलींचा डॉक्टर, उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं. विद्यापीठाने २०१८ मध्ये ३३२ जणींशी ५० कोटी डॉलरला तडजोड केली. आणि एनसीएएने काय केलं? चौकशीचं पत्र पाठवलं आणि ऑगस्ट २०१८ ला सांगितलं की आमचा कुठला नियम मोडलेला दिसत नाही. संपलं.

मला कुणीतरी समजवा की शॉवरमधल्या गुन्ह्याला ६ कोटी आणि दवाखान्यातल्या गुन्ह्याला शून्य, हे कसं काय? शेजारीण म्हणाली फुटबॉल टीव्हीवर दिसतं, जिम्नॅस्टिक्स दिसत नाही. ती अमेरिकन आहे, तिला माहीत असेल.

हॅपीव्हॅलीकर

तिरफळ, हाच माझा मुद्दा! नियम नसताना शिक्षा दिली की ती बातम्यांच्या आवाजावर ठरते. २०१२ ला आवाज मोठा होता म्हणून दिली, २०१८ पर्यंत हात पोळलेले होते म्हणून नाही दिली.

बेलरचं तर अजून भारी. टेक्सासमधलं विद्यापीठ, फुटबॉल खेळाडूंवर बलात्काराचे आरोप, मुलींच्या तक्रारी दाबल्या, २०१६ मध्ये कोच ब्राइल्सना काढलं, प्रेसिडेंट केन स्टार यांना हटवलं (हो, क्लिंटनची चौकशी करणारे तेच!). एनसीएएचा निकाल आला ऑगस्ट २०२१ ला. समितीने मान्य केलं की विद्यापीठ नैतिकदृष्ट्या सपशेल चुकलं, पण आमच्या नियमात बसत नाही. का बसत नाही? नियम असा की खेळाडूला इतर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त सवलत देता येत नाही. आणि बेलरमध्ये सगळ्यांच्याच तक्रारींची वाट लावत होते, खेळाडू असो नसो, मग खास सवलत कुठे झाली? वाचून मी दोन मिनिटं स्क्रीनकडे नुसता बघत बसलो होतो.

सदाफुली

म्हणजे सगळ्यांशीच वाईट वागलात तर सुटलात. वा.

वकीलसाहेब

ताई, कायद्याच्या भाषेत ते बरोबर आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. ज्या संघटनेचं नियमपुस्तक खेळाडूला बेगल द्यावा पण वर चीज लावू नये, लावलं तर ते जेवण होतं, असं एकेकाळी सांगत होतं (थट्टा नाही, खरंच होतं), तिच्याकडून बलात्काराच्या चौकशीची अपेक्षा करणं म्हणजे न्हाव्याकडून मोतीबिंदू काढून घेणं.

हे बघायला दुसरा कायदा आहे. क्लेरी कायदा म्हणतात, कॅम्पसवरचे गुन्हे विद्यापीठाने जाहीर करायचे, लपवले तर केंद्राच्या शिक्षण खात्याचा दंड. पेन स्टेटला २०१६ मध्ये साधारण २४ लाख डॉलर लागला, मिशिगन स्टेटला २०१९ मध्ये ४५ लाख. यात कुणाचे विजय रद्द होत नाहीत. शिवाय माणसांवर खटले झाले ते वेगळे. पेन स्टेटचे दोन अधिकारी कर्ली आणि शुल्ट्झ यांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला, स्पॅनियर दोषी ठरले आणि २०२१ मध्ये प्रत्यक्ष जेलमध्ये जाऊन आले. माझ्या मते विद्यापीठाच्या प्रेसिडेंटला जेलमध्ये बघणं हे शंभर बोल बंदींपेक्षा जास्त काम करतं.

सदाफुली

दोन महिने. दोन महिने होता तो आत. आणि २४ लाख म्हणजे त्या स्टेडियमच्या एका शनिवारचा गल्ला तरी असेल का? तुम्ही म्हणताय ते सगळं कागदावर ठीक आहे, पण त्यांना खरंच लागलं कधी, तर बोल मॅचेस जायची वेळ आली तेव्हाच. हूल असो नाहीतर काही असो.

हॅपीव्हॅलीकर

हे मात्र खोडता येत नाहीये मला. कॅम्पसवर होतो म्हणून सांगतो, नोव्हेंबर ते जुलै तिथे चर्चा होती ती पॅटर्नोंना न्याय मिळाला की नाही याचीच. शिक्षा लागल्यावर पहिल्यांदा ऐकलं की लोक हे आपल्यावर का आलं असं विचारतायत. चिडून विचारत होते, पण विचारत होते.

खडूस_मास्तर

बराच वेळ वाचतोय, लिहू का नको असं चाललं होतं. मी निवृत्त पीटी शिक्षक, गावाचं नाव सांगत नाही.

२०१६ ची गोष्ट. आमच्या शाळेची मुलींची कबड्डी टीम तालुक्यात पहिली आली होती. प्रशिक्षक बाहेरचा, मानधनावरचा. एका मुलीच्या आईने येऊन सांगितलं की सर व्यायाम शिकवताना नको तिथे हात लावतात, आणि एकीला नाही, तिघींना. मी त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी संस्थेला सांगितलं. संस्थेने त्याला येऊ नको म्हणाले. मग कुठूनतरी खेळाच्या जिल्ह्यातल्या मंडळींपर्यंत गेलं, त्यांनी काय केलं असेल? शाळेची टीम त्या वर्षापुरती बाद. जिल्ह्याला जायचं नाही.

मुलींनी वर्गणी काढून नवे किट शिवले होते, मरून रंगाचे, पाठीवर पिवळे नंबर. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मैदानावर आल्या त्या तेच घालून, कुणी सांगितलं नव्हतं. चुन्याच्या रेषा आखलेल्या होत्या, त्यावर बसून राहिल्या. आता दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात आणि नोकरीत ५ टक्के खेळाडूंचं आरक्षण, त्यासाठी वरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, ते दार तिथेच बंद झालं. आणि ज्यांनी तक्रार केली त्या तिघींकडे बाकीच्या अशा बघायच्या की जणू यांच्यामुळेच सगळं गेलं. पुढच्या वर्षी तिघींनीही खेळ सोडला.

सदाफुलीताई, तुमचं म्हणणं मला पटतं, पण टीमवर घाव घातला की तो नेमका कुणाला बसतो ते मी बघितलंय. पुढच्या वेळी कुठली मुलगी तोंड उघडेल?

पैलवान_गडी

मास्तर… माझं आयपीएलचं उदाहरण मागे घेतो. ते सगळे करोडपती होते, दुसऱ्या टीममध्ये गेले.

तिरफळ

तक्रार करणाऱ्या मुलीवरच राग निघतो हे इकडेही तसंच. नासरच्या केसमध्ये पहिल्यांदा बोललेल्या मुलींना तेच ऐकावं लागलं होतं.

सदाफुली

मास्तर, वाचून गप्प झाले. टीम बाद करायची शिक्षा मी मागत नाही आता, निदान असल्या टीमची नाही. पण मग संस्थेला काय? ती तर सहीसलामत सुटली ना? आणि तो माणूस? त्याचं काय झालं?

खडूस_मास्तर

पोलिसात कुणी गेलं नाही. शेजारच्या तालुक्यात एका क्लबला शिकवतो असं मध्यंतरी कानावर आलं.

वकीलसाहेब

मास्तर, कटू बोलतोय, राग मानू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात कलम १९ आहे. अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं हे कळलेल्या प्रत्येकावर बंधनकारक, फक्त मुख्याध्यापकांवर नाही. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा, सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. सदाफुलीताईंनी विचारलं ना संस्थेला काय, तर हे. वर एका ज्युनियर कोचने वरच्याला सांगितलं, त्याने त्याच्या वरच्याला, हे आपण सगळ्यांनी वाचलं आणि नाकं मुरडली.

खडूस_मास्तर

ते मला धागा वाचतानाच कळलं साहेब. म्हणून तर लिहू का नको चाललं होतं. मुख्याध्यापकांच्या केबिनमधून बाहेर पडताना मला वाटलं होतं आपलं काम झालं.

आता दहा-एक वर्षं झाली. काही करता येतं का?

वकीलसाहेब

येतं. त्या मुली आता सज्ञान असतील, आधी त्यांना विचारावं लागेल, त्यांच्या मनाविरुद्ध ओढायचं नाही. तक्रारीला उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. आणि तो अजून मुलींना शिकवत असेल तर फार थांबू नका. इथे नावं गावं काही लिहू नका, मला व्यनि (खाजगी निरोप) करा, मी नंबर देतो.

खडूस_मास्तर

व्यनि केलाय. त्या मुलीच्या आईचा नंबर माझ्याकडे आहे अजून, संध्याकाळी लावून बघतो.